रेसिंग सायकल घेण्याआधी : अंबडच्या पालकांसाठी खर्चाचा हिशेब

१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे ग्रँड टूर झाली. एक छोटी प्रोलॉग शर्यत आणि चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. रस्ते पुणे शहर, मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती असे ओळखीचे, आणि त्यांवरून धावणारा ताफा देशोदेशीचा. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे जिंकला. जागतिक सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ दर्जाची पुरुषांची टप्प्यांची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. मोबाईलवर ती पाहिलेली पोरं आता घरी एकच मागणी करतात, "तसली सायकल घेऊन द्या." अंबडच्या घरांतही हेच चाललं असेल, तर हा लेख त्या घरातल्या पैसे देणाऱ्यासाठी आहे.

"तसली सायकल" परवडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. व्यावसायिक संघांकडे असते ती कार्बनची सायकल आपल्याकडे घ्यायची तर आठ-दहा लाखांच्या पुढे जाते. ती चालवणारे मात्र ती विकत घेत नाहीत. संघ देतो, सोबत राखीव सायकली देतो, मेकॅनिक देतो, जेवण देतो, मालिशवालाही देतो. यूसीआयच्या टप्प्यांच्या शर्यतीत कुणाला एकट्याने पैसे भरून उतरताच येत नाही. तिथे संघ उतरतो : काँटिनेंटल दर्जाचा, राष्ट्रीय, नाहीतर एखाद्या क्लबचा किंवा प्रदेशाचा. पुण्यातही भारताचे दोन संघ होते. म्हणजे पालकाचा खर्च शर्यतीचा नाहीच. कुणीतरी संघात घेईल इथवर पोचण्याचा आहे. तो साधारण पाच ते सात वर्षं चालतो. माझ्या हिशेबाने पहिल्या वर्षी दीड लाख आणि पुढे दरवर्षी लाखाच्या आसपास, अशी तयारी असेल तरच पुढे वाचा. नसेल तरी वाचा, कारण यातला पहिला टप्पा बऱ्याच कमी पैशांत करून पाहता येतो.

दर सगळे अंदाजे आहेत, २०२६च्या सुरुवातीचे. दुकान, ब्रँड आणि सवलत यांनुसार दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील. एक बरं झालंय : २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या दराने बिल करणारा दुकानदार भेटलाच तर त्याला ही तारीख दाखवा.

पहिली सायकल

पहिले सहा महिने नवी सायकल घेऊच नका. घरात असेल ती सायकल, हवा भरून, चेनला तेल घालून, पोराला रोज पहाटे अंबडहून गोलापांगरीच्या दिशेने पाठवा. जालना तीसेक किलोमीटरवर आहे, तेवढं जाऊन-येऊन साध्या सायकलवर आठवड्यातून तीनदा होत असेल आणि सहा महिन्यांनीही पोरगं स्वतः उठत असेल, तर पैसे काढा. या परीक्षेची फी शून्य आहे आणि निम्मी मागणी तिथेच विरते.

मागणी उरलीच तर अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची, खाली वळलेल्या हँडलची साधी रोड बाईक ३५ ते ४५ हजारांत येते. त्याखाली पंधरा-वीस हजारांत "रेसिंग" म्हणून जे विकलं जातं ते जड असतं आणि त्याचे गिअर वर्षभरात कुरकुरायला लागतात. त्यावर ७०-८० हजारांची घ्यायची घाई नको, कारण पंधरा वर्षांचं पोर अजून वाढतंय आणि दोन वर्षांत फ्रेम अपुरी पडणार. माप मात्र पक्कं बघा. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर वरचा दांडा आणि जांघ यांच्यामध्ये दोन बोटं तरी जागा हवी, आणि हँडल धरताना खांदे ताणले जाता कामा नयेत. "वाढतं वय आहे, एक माप मोठी घ्या" हा सल्ला शाळेच्या बुटांना चालतो. सायकलला तो लावला की गुडघा आणि कंबर धरते.

जुनी सायकल घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पुणे आणि संभाजीनगरकडे हौसेने लाखाची सायकल घेऊन सहा महिन्यांत कंटाळलेले लोक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून निम्म्या-सात आण्या किमतीत चांगला माल मिळतो. मूळ बिल मागा, फ्रेमवरचा नंबर त्याच्याशी ताडून घ्या. चोरीची सायकल गळ्यात पडली तर पैसेही जातात आणि पोलीस ठाण्याच्या चकरा वेगळ्या. अ‍ॅल्युमिनियमला जोडांपाशी बारीक चीर आहे का ते बघा. कार्बनची जुनी सायकल जाणकार सोबत नसेल तर घेऊ नका. तिच्या आतली चीर वरून दिसत नाही.

सायकलबरोबर लागणाऱ्या गोष्टी लोक विसरतात आणि मग पोर घरच्या चपलेवर, डोकं उघडं ठेवून निघतं. हेल्मेट दोन-अडीच हजारांचं, ते पहिल्याच दिवशी. पुढचा-मागचा दिवा दीड हजार. गादीच्या दोन चड्ड्या आणि दोन जर्सी मिळून पाच हजार. हातपंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एल-पान्यांचा संच यांचे दीड-दोन हजार. बूट आणि त्यात अडकणारे पेडल यांना आठ हजार लागतात, ते सहा महिन्यांनी घेतले तरी चालतं. एक पन्नास रुपयांची वस्तू मात्र आठवणीने घ्या : रोड बाईकचा व्हॉल्व्ह बारीक असतो, आपल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, त्यासाठीचं पितळी अ‍ॅडाप्टर. शहागडच्या अलीकडे हवा गेली आणि अ‍ॅडाप्टर नसेल तर लाखाची सायकलही ढकलतच आणावी लागते.

एकूण पंचावन्न ते साठ हजार. यात पोर दोन वर्षं शर्यती खेळू शकतं, जिल्हा आणि विभाग पातळीवर तरी सायकल कमी पडत नाही.

रस्त्याचा खर्च

आता वर्षाचा हिशेब. मनापासून सराव करणारं पोर वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर सायकल मारतं. आठ हजार धरू.

मागचा टायर तीन-चार हजार किलोमीटरला संपतो, पुढचा त्याच्या दुप्पट चालतो. वर्षाला तीन-चार टायर, दीड हजाराचा एक धरला तर पाच-सहा हजार. चेन दोन ते तीन, चार-पाच हजार. मागच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, एक, अडीच हजार. ब्रेक पॅड, केबल, हँडलची पट्टी मिळून दोन हजार. ट्यूब आठ तरी, तीनशे दराने अडीच हजार. दोन वेळा पूर्ण सर्व्हिसिंग तीन हजार. बेरीज वीस हजारांवर जाते. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. मोटारसायकलला किलोमीटरमागे साधारण दोन रुपयांचं पेट्रोल लागतं. "सायकल म्हणजे फुकटचा प्रवास" म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगून बघा.

आपल्याकडे टायर-ट्यूबचा खर्च पुण्यापेक्षा जास्त येतो, त्याची कारणं जमिनीतच आहेत. पावसाळा सरला की साइडपट्टीवर सराटे पसरतात, बाभळीचे काटे असतातच. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता फुगतो, खचतो, भेगाळतो. म्हणून शहरातली पोरं २५ मिलिमीटरच्या बारीक टायरवर बढाई मारत असली तरी अंबडला २८ किंवा फ्रेममध्ये बसत असेल तर ३२ घ्या. वेगात फारसा फरक पडत नाही, पंक्चर मात्र कमी होतात. काटारोधक पट्टीचा टायर तीन-चारशे रुपयांनी महाग मिळतो. ते पैसे दोन महिन्यांत वसूल होतात.

चेनची झीज मोजायची पट्टी तीनशे रुपयांना मिळते. ती आणा. झिजलेली चेन वेळेवर बदलली तर कॅसेट दुप्पट टिकते, नाही बदलली तर दोन्ही एकदम घ्यावं लागतं. पावसात काळा चिखल चेनमध्ये बसला की तो रेतमालासारखं काम करतो. त्याच दिवशी रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरडी करून तेल घातलं पाहिजे. दर दोनशे किलोमीटरला हे पोराने स्वतः करावं. चाकाचा आउट काढणं, ब्रेक बसवणं ही कामं अंबड-जालन्याचा जुना कारागीर उत्तम करतो आणि शे-दोनशे घेतो. गिअरचं बारीक काम, हायड्रॉलिक ब्रेक आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगसाठी मात्र संभाजीनगर गाठा.

रस्त्यांची निवड हाही खर्चाचाच भाग आहे, कारण एक अपघात सगळा हिशेब उलटवतो. वडीगोद्रीवरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग गुळगुळीत आहे म्हणून पोरांना त्याचा मोह पडतो. तिथे ट्रकच्या वाऱ्यानेसुद्धा सायकल हलते; सराव तिथे नको. समृद्धीवर तर सायकलला मनाईच आहे. घनसावंगी आणि पाचोडकडचे रस्ते पहाटे बरे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की अंकुशनगरकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर चालतात, मागे दिवा नसतो, रस्त्यावर ऊस सांडलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च उजाडल्याशिवाय निघायचं नाही, हा घरचा नियम करा. एप्रिल-मेमध्ये उलट : साडेपाचला निघून आठच्या आत घरी. अठरा पूर्ण झालेल्या पोराचं बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. त्यात दवाखान्याचा खर्च येत नाही, मृत्यू आणि अपंगत्वच येतं, तरी वीस रुपये काही जास्त नाहीत. दवाखान्यासाठी आरोग्य विमा वेगळा पाहावा लागेल.

ताटातला खर्च

सायकलचे सुटे भाग डोळ्यांना दिसतात. त्याहून मोठा खर्च स्वयंपाकघरात होतो आणि तो कुणी लिहून ठेवत नाही. दोन तास जोरात सायकल मारली की हजारभर कॅलरी जातात. तेवढं पोराच्या नेहमीच्या जेवणाच्या वर द्यावं लागतं : अर्धा लिटर दूध, चार अंडी किंवा तेवढ्याच तोलाची डाळ-उसळ, मूठभर शेंगदाणे, दोन केळी, दोन भाकरी जास्त. रोजचे ऐंशी ते शंभर रुपये धरा, महिन्याला पावणेतीन हजार, वर्षाला तेहेतीस हजार. शेतीचं घर असेल, गोठ्यात म्हैस असेल, तर हा आकडा निम्म्यावर येतो. शहरातल्या मुलापेक्षा अंबडचं पोर इथे पुढे आहे.

सरावात काय खायचं याबद्दल बाजारात फार गोंधळ घातला जातो. तासापेक्षा जास्त सायकल मारताना ताशी साठेक ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं. व्यावसायिक खेळाडू आता नव्वद ते एकशेवीस ग्रॅमपर्यंत जातात. दुकानातली जेलची एक पुडी शंभराच्या आसपास पडते आणि तिच्यात पंचवीसेक ग्रॅमच असतं. त्याऐवजी बाटलीभर पाण्यात चार चमचे साखर, लिंबू किंवा आपल्या मोसंबीचा रस, चिमूटभर जास्तच मीठ, आणि खिशात केळ, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, चार खजूर. सगळं मिळून पंधरा-वीस रुपये. शर्यतीच्या दिवशी वापरायला दोन-तीन जेल ठेवा, तेही आधी सरावात खाऊन पोटाला चालतंय का ते पाहून.

प्रोटीनचे डबे जिममधला कुणीतरी तीन-चार हजारांना आणून देतो म्हणतो. घेऊ नका. या वयात त्याची गरज नाही, आणि भेसळीच्या डब्यात बंदी असलेलं काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, खेळाडूच्या शरीरात काय सापडलं ते बघते आणि शिक्षा चार वर्षांच्या बंदीपर्यंत जाते. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा डॉक्टरांना सांगा की पोर शर्यती खेळतं. औषध चालतं का हे तपासायला नाडाचं मोफत ॲप आहे. "ताकदीचं इंजेक्शन" देतो म्हणणारा भेटला, तर त्या माणसाशी संबंध तोडा. दुसरा सल्ला नाही.

शर्यतीला जायचं म्हणजे

अंबडच्या पोराला शर्यती घरी येत नाहीत. शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होतात, तिथून सुरुवात करा. खर्च जवळजवळ नाही. खुल्या शर्यती मात्र पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूरकडे जास्त. प्रवेश फी पाचशे ते दोन हजार. खरा खर्च जाण्या-येण्याचा : पोर आणि सोबत एक मोठं माणूस, दोन दिवस, तिकीट, मुक्काम, जेवण मिळून पाच-साडेपाच हजार. वर्षात सहा शर्यती धरल्या तर तेहेतीस हजार. मुलगी असेल तर सोबतीचा माणूस टाळताच येत नाही, शिवाय सरावाला मागे मोटारसायकल घेऊन कुणीतरी जातं, त्याचं पेट्रोल वेगळं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने खेलो इंडियात सुवर्णपदकांची रांग लावली. तशा मुली मराठवाड्यातही निघतील, पण घरातल्या एका माणसाच्या रोजच्या दोन तासांची किंमत या हिशेबात धरायलाच हवी.

पुण्याला जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या आतबाहेर होतात. जीप केली तर सात-आठ हजार. एकट्याला परवडत नाही, पाच पोरांत वाटली तर एसटीच्या जवळ येते आणि सायकली नीट जातात. एसटीत सायकल घेतील की नाही हे त्या दिवशीच्या गाडीवर आणि कंडक्टरवर. रेल्वेने जायचं तर जालना स्टेशन आहे. दोन्ही चाकं काढून पिशवीत घालून न्या किंवा पार्सलने बुक करा. उत्तरेतल्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी जालन्यावरून जाणारी सचखंड एक्सप्रेस सोयीची. सायकल कशानेही न्या, मागचा गिअर जिथे लटकतो तो छोटा हँगर प्रवासात हमखास वाकतो. आपल्या सायकलचा जादा हँगर, तीनशे ते सहाशे रुपये, पिशवीत ठेवा. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि शर्यतीच्या गावात मिळत नाही.

पाच पोरं सोबत असण्याचा फायदा भाड्यापुरता नाही. टप्प्यांची शर्यत घोळक्यात राहून खेळायची असते. पुढच्याच्या आडोशाला चिकटून राहिलं तर वाऱ्याशी झगडायची ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी वाचते. रोजच्या वेळांची बेरीज होते, आणि तीन दिवस ताकद वाचवणारा चौथ्या दिवशी पुढे दिसतो. एकट्याने सराव केलेलं पोर कितीही दमदार असलं तरी घोळक्यात घाबरतं, ब्रेक मारतं, मागच्याला पाडतं. अंबडमध्ये चार-पाच पोरांची टोळी जमवणं हे लाखाच्या सायकलपेक्षा जास्त कामाचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

घाट नाही, ही आपली खरी अडचण. मत्स्योदरीची टेकडी देवीच्या दर्शनाला पुरते, सरावाला नाही. महिन्यातून एकदा खुलताबादचा चढ किंवा बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट, एवढंच करता येतं. त्याला प्रत्येक वेळी हजार-दीड हजार लागतात. पण म्हणून रडत बसायचं कारण नाही. देशातले कितीतरी चांगले रोड सायकलपटू राजस्थानातल्या बिकानेरचे आणि आपल्या सीमेपलीकडच्या विजयपुरा-बागलकोटचे आहेत. तेही कोरडे, सपाट, वाऱ्याचे मुलूख. सपाटीवर एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत, म्हणजे टाइम ट्रायल, आपल्या पोरांनी आधी धरावी. तिच्यासाठी दोन-तीन हजारांचे, पुढे येणारे दांडे हँडलला लावले की सुरुवात होते.

आता बेरीज करा : सुटे भाग वीस हजार, जादा खाणं तेहेतीस, प्रवास तेहेतीस, प्रवेश फी-परवाने सहा, कपडे-बूट पाच. सत्त्याण्णव हजार, महिन्याला आठ. पहिल्या वर्षी सायकलचे साठ हजार वेगळे.

दुसरी सायकल कधी

राज्य संघात निवड झाल्यावर. त्याआधी नाही, शेजारच्याने घेतली म्हणून तर नाहीच.

यूसीआयच्या नियमात १७-१८ वर्षांचा ज्युनियर, १९ ते २२चा तेवीस वर्षांखालील गट, पुढे खुला गट. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला धरतात. जानेवारीत जन्मलेल्या आणि डिसेंबरात जन्मलेल्या पोराला एकाच रांगेत उभं केलं जातं, हे पंधराव्या वर्षी हरणाऱ्या पोराच्या बापाने लक्षात ठेवावं. सतराव्या वर्षी राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला, की दीड-दोन लाखांची कार्बनची सायकल, नाहीतर त्याच दर्जाची जुनी लाखभराची. सायकल कितीही भारी घेतली तरी यूसीआयच्या शर्यतीत ती ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. त्यामुळे हलक्यात हलकी म्हणून लाखभर जास्त मोजण्यात अर्थ नाही. पोराचंच दोन किलो वजन बघा. शरीराच्या मापाने सायकल बसवून घ्यायला पुण्या-मुंबईत पाच ते पंधरा हजार घेतात; या टप्प्यावर ते पैसे योग्य. पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारं पॉवर मीटर चाळीस हजारांचं येतं. मोबाईलवरून सराव आखून देणारा प्रशिक्षक महिन्याला तीन ते आठ हजार घेतो. यांतलं एकच परवडत असेल तर प्रशिक्षक घ्या आणि पोराच्या छातीला तीन-चार हजारांचा नाडीचे ठोके मोजणारा पट्टा बांधा.

परत काय मिळतं

वरच्या टोकाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे वर्ल्ड टूर संघातल्या पुरुष खेळाडूचा किमान वार्षिक पगार २०२५ साली ४४ हजार युरोंच्या आसपास होता, म्हणजे आजच्या दराने चव्वेचाळीस लाखांच्या पुढे. महिलांचा ३८ हजार युरो. टूर द फ्रान्सच्या विजेत्याला पाच लाख युरो, एक टप्पा जिंकणाऱ्याला अकरा हजार. तेही रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांत वाटले जातात. १९०३पासून चालू असलेल्या त्या शर्यतीत आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. खालच्या, काँटिनेंटल दर्जाच्या संघांना तर यूसीआयने किमान पगाराचं बंधनच घातलेलं नाही. तेव्हा युरोपच्या पगारावर घरचं कर्ज काढू नका.

जवळचा परतावा वेगळा आहे. खेलो इंडियात निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंतची मदत आखलेली आहे, त्यात हातखर्चाचे महिन्याला दहा हजार थेट खेळाडूला. राहणं, प्रशिक्षण उरलेल्यातून. तिथे पोचला की घरचा खर्च जवळजवळ थांबतो. पुण्याला बालेवाडीत सायकलिंगचा वेलोड्रोम आहे, दिल्लीला राष्ट्रीय अकादमी आहे. रेल्वे आणि सेनादल सायकलपटूंना नोकरीत घेतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुणही मिळतात.

आणि याच आरक्षणामुळे फसवणुकीचं दुकान चालतं. मराठवाड्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं होतं, ते विसरू नका. कुठलीतरी "नॅशनल फेडरेशन" गोव्यात किंवा नेपाळात "आंतरराष्ट्रीय" स्पर्धा भरवते, निवडीचे आठ-दहा हजार घेते, पदक आणि रंगीत प्रमाणपत्र देते. विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या पडताळणीत ते कागद टिकत नाहीत. पैसे भरण्याआधी एकच विचारा : ही स्पर्धा भारतीय सायकलिंग महासंघाला संलग्न असलेल्या राज्य संघटनेची आहे का? उत्तर गोलमोल आलं तर फोन ठेवा.

शर्यत सोडून लांब पल्ल्याचा एक स्वस्त रस्ता आहे, तोही सांगतो. नाशिक-पुण्याकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या, होतात : दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. क्रमांक नसतो, फी किरकोळ, सायकल कुठलीही चालते. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१८मध्ये ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम ही सुमारे नऊ हजार किलोमीटरची, पंधरा टप्प्यांची शर्यत पूर्ण केली. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पार केली. ही माणसं आपापला व्यवसाय सांभाळून इथवर गेली. नोकरीला लागलेल्या, पंचविशी ओलांडलेल्या वाचकाला तसली हौस असेल तर सुरुवात ब्रेव्हेपासून करावी.

या महिन्यात करण्यासारखं एवढंच : जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन यंदाच्या शालेय सायकलिंग स्पर्धेची तारीख आणि वयोगट विचारा, पोराचा जन्मदाखला आणि आधारवरची जन्मतारीख एकच आहे का ते बघा, आणि हेल्मेट घ्या. सायकलच्या दुकानात दिवाळीनंतर जा. तेव्हा मागच्या वर्षीचा माल दुकानदारालाच काढायचा असतो.